मूळ संख्येच्या चौकटीत एक दुरुस्ती

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोड्यांच्या पानावर खाली कोपऱ्यात 'हे माहीत आहे का?' म्हणून चौकट येते ना, त्यात जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या अमेरिकेतल्या एका माणसाने शोधली आणि अशा संख्या बँकेचे पासवर्ड सुरक्षित ठेवायला वापरतात असं छापलंय. चार ओळींची चौकट आणि त्यात दोन चुका. मी काही सारखी पत्रं लिहिणाऱ्यातला नाही, मागचं एकच, स्टेशनच्या पुलावरच्या बंद दिव्यांबद्दलचं, तेही तुम्ही छापलं नाहीत, असो. पण हा विषय माझ्या दुकानात गेली आठ वर्षं रोज रात्री चालू असतो म्हणून गप्प बसवेना.

आधी पासवर्डचं उरकतो, ते सोपं आहे. बँकेच्या वगैरे कामात ज्या मूळ संख्या लागतात त्या साधारण तीनशे अंकी असतात, आणि त्या कोणालाच माहीत नसतात म्हणूनच तर कुलूप टिकतं. तुमच्या चौकटीतली संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे आणि ती जगजाहीर आहे. दाराला एवढं मोठं कुलूप लावायचं की ते दारातच मावणार नाही आणि वर किल्ली चौकात टांगून ठेवायची, तसला प्रकार. तुमच्या पेपरच्या एका पानात अगदी बारीक टायपात २० हजार अंक कोंबले तरी २ हजाराच्या वर पानं लागतील, म्हणजे १६ पानी अंक धरला तर चार महिने रोज अंकात फक्त अंकच. जाहिरातवाले पळून जातील.

आता दुसरी चूक, माझा खरा मुद्दा तोच आहे. 'एका माणसाने शोधली'.

माझं डोंबिवली पूर्वेला झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बायोडेटा, सोसायटीच्या नोटिसा, ॲफिडेव्हिट, हेच आमचं गणित. २०१७ ला नवीन पीसी घेतला, तेव्हा एक इंजिनिअरिंगचा मुलगा प्रोजेक्टच्या प्रिंट काढायला यायचा, तो म्हणाला काका तुमचा पीसी रात्रभर नुसता बसून असतो, त्याला कामाला लावा की. त्यानेच प्राइम९५ नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फुकट आहे. त्याच्या मागे जिम्प्स नावाचा प्रकल्प आहे, म्हणजे ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च, जॉर्ज वोल्टमन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने जानेवारी १९९६ मध्ये सुरू केलेला. जगभरातले लोक आपापल्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ देतात, मधला सर्व्हर प्रत्येकाला एकेक संख्या तपासायला देतो, तपासून झालं की निकाल आपोआप परत जातो आणि पुढची संख्या येते. गिरणीत डबा ठेवून आल्यासारखं, फक्त इथे डबा दुसऱ्याचा आणि गिरणी आपली.

कुठल्या संख्या? २ ला २ ने गुणत जायचं आणि शेवटी १ वजा करायचा. २ चा दुसरा घात वजा १ म्हणजे ३, तिसरा घात ७, पाचवा ३१, सातवा १२७. सगळ्या मूळ. मग वाटतं की घातांक मूळ असला की उत्तर मूळच येणार, आणि अकराव्याला गंमत होते, २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. म्हणजे प्रत्येक वेळी तपासावंच लागतं. मर्सेन नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू होता, त्याने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी दिली की हे हे मूळ देतात, त्यात ६७ आणि २५७ चुकीचे घातले आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. तरी संख्यांना नाव त्याचंच लागलं, आपल्याकडे सोसायटीच्या पाटीवर लागतं तसं.

तो ६७ चा किस्सा सांगायलाच हवा. १८७६ मध्ये ल्युका नावाच्या फ्रेंच गणित्याने दाखवून दिलं की २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही. पण तिचे अवयव कोणते ते त्याला माहीत नव्हतं. हे मला आधी पटायचंच नाही, की अवयव हातात नसताना 'मूळ नाही' कसं म्हणता येईल, पण येतं, त्याची वेगळी परीक्षा आहे. मग १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत कोल नावाचे प्राध्यापक उठले, फळ्याकडे गेले, एका बाजूला ६७ वा घात काढून १ वजा केला, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ आले. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला, तेच आले. एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्या वाजवल्या असं सांगतात. याला किती वेळ लागला विचारल्यावर म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार. खरं खोटं देव जाणे पण रविवार गेले असणार हे मी मान्य करतो, माझेही गेलेत.

ती परीक्षा कशी ते पावतीच्या मागे बसेल एवढी छोटी आहे. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची, असं घातांकापेक्षा दोन कमी वेळा. शेवटी बाकी शून्य तर मूळ, नाहीतर नाही. ३१ साठी करून बघा, घातांक ५, म्हणजे तीन पायऱ्या: ४ चा वर्ग १६ वजा २, १४. १४ चा वर्ग १९६ वजा २, १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४ वजा २, ६२, आणि ६२ ला ३१ ने भागलं की बाकी शून्य. झालं, ३१ मूळ. आता हेच तुमच्या चौकटीतल्या संख्येला करायचं तर घातांक १३,६२,७९,८४१ आहे, म्हणजे १३ कोटींच्या वर पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला ४ कोटी अंकी संख्येचा वर्ग. शाळेत शिकवलेल्या पद्धतीने केला तर एका वर्गाला १६ वर १४ शून्यं इतके छोटे गुणाकार. वोल्टमनची कमाल इथे आहे, फूरिए ट्रान्सफॉर्म म्हणतात त्या युक्तीने त्याने हा गुणाकार असा बसवला की घरच्या पीसीवर एक पायरी काही मिलिसेकंदात होते. माझ्याकडे ८ कोटीच्या आसपासचा घातांक आला की पायरीला १२ मिलिसेकंद लागायचे, म्हणजे अखंड चालवलं तर अकरा दिवस, आणि मी फक्त रात्री चालवतो म्हणजे बावीस रात्री.

बावीस रात्री दळण, आणि सकाळी शटर वर केलं की स्क्रीनवर एक ओळ: इज नॉट प्राइम. पुढे भागून उरलेल्या बाकीतले शेवटचे काही आकडे-अक्षरं. बस.

माझ्या डायरीत अशा २१४ नोंदी आहेत, सगळ्या 'नाही'. आणि संपादक साहेब, हेच काम आहे. लाखांत एखादी 'हो' निघते, बाकी सगळ्या 'नाही', पण त्या 'नाही' कोणीतरी खात्रीने सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आधीचा विक्रम डिसेंबर २०१८ चा होता, २ कोटी ४८ लाख ६२ हजार ४८ अंकी. त्यानंतर थेट ऑक्टोबर २०२४. मधली जवळजवळ सहा वर्षं हजारो लोकांच्या मशीन फक्त 'नाही' म्हणत होत्या, त्यांची चौकट कोणी छापत नाही. छापावी असंही माझं म्हणणं नाही, वाचणार कोण.

'नाही'ची खात्री हा प्रकार काय असतो ते मला मे २०१९ मध्ये कळलं, चांगलंच. तेव्हा मी डबल चेकची कामं घ्यायचो. म्हणजे कोणीतरी आधी तपासलेली संख्या दुसऱ्याने दुसऱ्या मशीनवर पहिल्यापासून तपासायची, आणि दोघांच्या शेवटच्या बाकीचे आकडे जुळले तरच निकाल पक्का. कोट्यवधी पायऱ्यांत एकीत जरी एक बिट इकडचं तिकडे झालं तरी शेवटची बाकी पार वेगळी येते, त्यामुळे दोन मशीन योगायोगाने सारखंच चुकणं जवळपास अशक्य. तर माझं जुळलं नाही. मी अगदी छाती काढून म्हटलं समोरच्याचं चुकलं असणार, तिसऱ्या कोणीतरी तपासलं, आणि निघालो मी चुकीचा. पुढच्या महिन्यात आणखी एक. डायरीत त्या दोन नोंदींवर लाल पेनने काट मारलेली आहे.

झालं होतं असं की एप्रिलमध्ये मी रॅम वाढवून घेतली होती. ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे गेलो तर म्हणाला काका विंडोज चालतंय ना, मग रॅम ओके. त्याच सॉफ्टवेअरमध्ये टॉर्चर टेस्ट म्हणून एक प्रकार असतो, मुद्दाम मशीनला पिळून काढायचा, तो लावला, दुपारची वेळ, पंखा फुल, वीस मिनिटांत एरर. नवी पट्टी काढली, जुन्यावर रात्रभर चालवलं, काही नाही. परत घातली, पुन्हा एरर. मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला तेव्हा बदलून मिळाली, ती पण तोंड वाकडं करून. आणि मग डोक्यात प्रकाश पडला की त्या लग्नसराईत माझ्या पत्रिकांच्या फाइली अधूनमधून करप्ट होत होत्या, एका पत्रिकेचं तर पूर्ण मागचं पान रात्री बारा वाजता परत सेट केलं होतं, आणि मी पेनड्राइव्हला शिव्या घालत बसलो होतो. जगातल्या कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या मशीनशी माझे आकडे जुळले नाहीत म्हणून मला माझ्या दुकानातली खराब रॅम सापडली.

हे माझ्या एकट्याचं नाही बरं का. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलला मान्य करावं लागलं की त्यांच्या नव्या स्कायलेक प्रोसेसरमध्ये दोष आहे, तो सापडला होता हेच प्राइम९५ चालवताना, एका ठराविक घातांकावर मशीन गोठायची. आणि त्याच्याही आधी १९९४ मध्ये थॉमस नाइसली नावाचे प्राध्यापक जोडमूळ संख्यांवर काम करत होते, म्हणजे ११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोड्या. त्यांचा हिशोब जुळेना म्हणून खोदत गेले आणि पेंटियम चिप भागाकार चुकवते हे बाहेर आलं, इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. मूळ संख्यांचा उपयोग काय असं विचारणाऱ्याला मी पासवर्ड सांगत नाही, हे सांगतो.

आता २०२० पासून नवीन पद्धत आलीये. परीक्षा थोडी वेगळी आहे आणि चालता चालताच मशीन स्वतःची चूक पकडते, रॉबर्ट गेर्बिच यांनी ती तपासणी काढली, शिवाय शेवटी एक प्रूफ फाइल तयार होते जी दुसरा कोणी थोड्या वेळात तपासू शकतो. म्हणजे पूर्ण काम दोनदा करायची गरज उरली नाही. चांगलं झालं, पण मला ते जुळले का नाही जुळले बघण्यातली धाकधूक आवडायची.

आणि 'शोधली' या शब्दाचं पण बघा. ७ जानेवारी २०१६ ला जी संख्या अधिकृत शोध म्हणून धरली गेली, २ कोटी २३ लाख ३८ हजार ६१८ अंकी, ती मिसूरीच्या एका युनिव्हर्सिटीत कर्टिस कूपर यांच्या देखरेखीखालच्या मशीनने १७ सप्टेंबर २०१५ लाच सर्व्हरला कळवली होती. पण 'मूळ सापडली' म्हणून जो ईमेल आपोआप जायला हवा तो गेलाच नाही, काहीतरी गडबड. जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या जवळपास चार महिने सर्व्हरवर पडून होती आणि कोणाला पत्ता नाही! शेवटी माणसाच्या नजरेला पडली ती तारीख शोधाची तारीख. आता सांगा, शोधली कोणी, मशीनने का ईमेल न मिळता बघणाऱ्याने?

२०२४ वाला माणूस म्हणजे ल्यूक ड्युरंट, एनव्हीडिया या चिप कंपनीतला माजी कर्मचारी, सॅन होजेचा. त्याने काय केलं तर ग्राफिक्स कार्डं, म्हणजे जीपीयू, भाड्याच्या क्लाउडवर घेऊन १७ देशांतल्या डेटा सेंटरमध्ये हे काम लावलं. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या कार्डाने सांगितलं की ही बहुतेक मूळ आहे, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या दुसऱ्या कार्डाने ल्युकाच्या परीक्षेने पक्कं केलं, मग इतरांनी वेगवेगळ्या सॉफ्टवेअरवर, वेगवेगळ्या मशीनवर परत तपासलं, तेव्हा कुठे २१ ऑक्टोबरला जाहीर. त्याचं कौतुक आहेच, १९९६ पासून नेहमी साधे पीसीच जिंकत आले होते, ती परंपरा त्याने मोडली. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटच वाटलं. रात्रभर पीठ पाडणाऱ्या आमच्यासारख्या घरगुती चक्क्या आणि समोर एकदम रोलर मिल. पण त्याने वापरलेलं प्रोग्रॅम दुसऱ्याचं, सर्व्हर तिसऱ्याचा, आणि ज्या ज्या संख्या त्याला तपासाव्या लागल्या नाहीत त्या आधी कोणी कोणी 'नाही' म्हणून बाजूला काढलेल्या. बक्षीस ३ हजार डॉलर, तेही त्याने आपल्या जुन्या शाळेला द्यायचं ठरवलं. त्यामुळे 'एका माणसाने' हे तुमचं वाक्य त्याला स्वतःला पण आवडणार नाही असा माझा अंदाज.

घरी अर्थातच एकच प्रश्न, अहो, हा डबा रात्रभर काय दळतोय आणि बिल कोण भरतंय. बिल मीच भरतो. रात्रीला साधारण एक युनिट पडतं, महिन्याला तीस, कमर्शियल मीटर, म्हणजे फुकट नाही. कोणी म्हणेल फुकट जाळतोयस, मी म्हणतो माझे शेजारी रात्रभर दुकानाच्या पाटीचा लाइट लावतात, त्यावर कोणी पत्र लिहीत नाही. तरी उन्हाळ्यात एप्रिल मे मी बंदच ठेवतो, त्या रॅमच्या प्रकरणानंतर. पावसाळ्यात लाइट गेली तरी फार नुकसान नाही, दर अर्ध्या तासाला ते आपली जागा लिहून ठेवतं, लाइट आली की तिथून पुढे. गिऱ्हाइकं मात्र सकाळी आकडे पळताना बघून विचारतात काका व्हायरस आलाय का.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती तुमच्या चौकटीत खरं तर आधी यायला हवी. आपल्याकडचे द. रा. कापरेकर, देवळालीला शाळामास्तर होते, ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'वाले, त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना 'डेम्लो संख्या' नाव दिलं. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१, त्यातल्याच या. हे डेम्लो म्हणजे डोंबिवली स्टेशन, तिथे त्यांना ती कल्पना सुचली. ना मोठी पदवी, ना लॅब, आणि स्टेशनवर उभं राहून माणूस संख्यांशी खेळतोय. मी रोज त्याच स्टेशनबाहेरून जातो आणि वीस वर्षांत मला कोणी हे सांगितलं नाही, आता मी गिऱ्हाइकांना सांगतो, त्यांना झेरॉक्सची घाई असते.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी ती चौकट दुरुस्त करा, आणि कोड्यांच्या पानाला शोभेल असं काहीतरी टाकायचं असेल तर हे टाका. माझी भाची नववीत आहे, तिने दुकानात बसून काढलंय. त्या ४ कोटी अंकी संख्येचे शेवटचे दोन अंक कोणते? कॉम्प्युटर नको, पेन पुरे. २ चे घात लिहीत गेलं की पहिली पायरी सोडली तर शेवटचे दोन अंक दर वीस पायऱ्यांनी परत तेच येतात. १३,६२,७९,८४१ ला २० ने भागलं की बाकी १, म्हणजे शेवटचे दोन अंक २१ व्या घातासारखेच. २१ वा घात २०,९७,१५२, म्हणजे ५२, त्यातून १ गेला, ५१. उत्तर नेहमीसारखं पानाच्या तळाशी उलटं छापा, आणि कृपा करून ५१ चं १५ होऊ देऊ नका, मागच्या महिन्यात शब्दकोड्यात तसं झालं होतं.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक,
डोंबिवली पूर्व